आमच्या होडीची हायड्रो टेस्ट

मला गाडी लागते. थोडीथोडकी नाही, डाळजहून निघालेली एसटी भिगवणला पोचायच्या आत मी अर्धमेली. उजनीच्या पाण्यापलीकडे दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीकडे, कुशाआक्काकडे, मी कायम लाँचनंच जायची. पाण्यावर मला काही होत नाही. लाँच बंद झाली आणि दोन वर्षं भेट नाही. यंदा आक्का पडली, खुबा मोडला. फोनवर म्हणाली, "अनसे, एकदा डोळ्यानं बघू दे गं तुला." फोन ठेवून मी रडत बसले.

हे म्हणाले, "होडी बांधतो."

मासेमारांच्या पत्र्याच्या होड्या इथं पुष्कळ आहेत, पण त्यात बायकोला बसवायला ह्यांचा नकार. का, तर वेल्डिंग बरोबर नाही! वालचंदनगरच्या कारखान्यात चौतीस वर्षं लोखंडी टाक्या तपासलेला माणूस. घरात कधी खुंटी ठोकली नाही आणि अंगणात होडी मांडली. खणखणीत वाळलेल्या बाभळीच्या फळ्या, सगळी मापं मिलिमीटरमध्ये. पाच महिने मी भुशात स्वयंपाक केला.

होडी झाली तेव्हा कारखान्यातले जुने सोबती इंद्रजित भावजी मुद्दाम बघायला आले. टाकीची करतात तशीच हायड्रो टेस्ट करायची ह्यांनी ठरवलं होतं. आत पाणी भरायचं आणि बाहेरून खडूची पूड फासायची, म्हणजे एक थेंब फुटला तरी दिसतो. पाइप सोडला. थेंब कसले, फटीफटीतून धारा लागल्या. भावजींनी चहा न घेताच काढता पाय घेतला. "फेल," एवढंच बोलून हे आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मला भयंकर राग आला. ह्यांचा, होडीचा, त्या पाण्याचाही. पाइप बंद करायला गेले, ओल्या फळीला हात लागला आणि एकदम वडिलांची, दादांची बैलगाडी आठवली. उन्हानं चाकं खिळखिळी झाली की आमचे दादा ती ओढ्यात बुडवून ठेवायचे. लाकूड फुगायचं, चाक घट्ट व्हायचं. मी पाइप तसाच चालू ठेवला.

ह्यांना काही बोलले नाही. बोलले असते तर ह्यांनी आकडे मागितले असते. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ होडी भरत राहिले. चौथ्या दिवशी ह्यांना हाताला धरून बाहेर आणलं. होडीत पाणी जसंच्या तसं, खाली जमीन कोरडी. चष्मा पुसून हे चारदा होडीभोवती फिरले.

"हे कसं झालं?"

"दादांच्या बैलगाडीनं केलं," मी म्हणाले, आणि मग सगळं सांगितलं.

रविवारी लाइफ जॅकेट घालून निघालो. हे वल्हवत होते, मी तळाला हात लावून बघत होते. कोरडा. पलीकडे काठावर भाच्यांनी आक्काला खाटेसकट आणून ठेवलं होतं. तिनं मला पोटाशी धरलं ते बराच वेळ सोडलं नाही. होडीची गोष्ट ऐकून रडता रडता हसली.

"आनंदराव, आता हिला वाळू द्यायची न्हाय बरं का. वाळली की पुन्यांदा गळंल."

"मग किती दिवसांनी पाण्यात उतरवायची?" ह्यांनी गंभीरपणे विचारलं.

आक्कानं माझा हात घट्ट धरला. "दर आयतवारी."

ह्यांनी खिशातली डायरी काढली आणि लिहून घेतलं.