जो हरेल तो पास

बारकी माझी नणंद. डोकं दाराच्या चौकटीला लागतं, तरी नाव बारकीच. आम्ही दोघी घराच्या मागच्या खोलीत बसून मोबाइलवर खेळायचे पटावरचे खेळ बनवतो. नवा खेळ पहिल्यांदा खेळून त्यातल्या खोड्या काढायचं काम आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. आता होतं म्हणायचं. लांबलेल्या आजारपणातून उठल्यावर त्या कॉम्प्युटरशी डावामागून डाव हरल्या, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाल्या, "डोकं गेलं माझं. आता देवाचं नाव घेते आणि शेंगा सोलते."

डॉक्टर सांगून थकले, की त्यांना खेळतं ठेवा. पण देव कुणाला हरवत नाही आणि शेंगाही नाहीत. इतक्या सुखाच्या जागेवरून त्यांना उठवणार कोण?

शेवटी आम्ही ठरवलं, आईंसाठी गरीब स्वभावाचा कॉम्प्युटर भिडू बनवायचा. एक बारकीचा, एक माझा. दोघांची आपसात लढत लावायची आणि जो हरेल तो पास.

खेळ साधा. सोंगटी तिरकी सरकवायची, समोरचीवरून उडी मारून ती उचलायची. उचलता येत असेल तर उचलावीच लागते, नको म्हणायची सोय नाही. ज्याच्या सोंगट्या संपल्या तो हरला.

मी माझ्या भिडूला एकच चाल पुढचं बघायला लावलं, अधूनमधून चुकायलाही शिकवलं. तरी धीर धरवेना. बारकी चहा टाकायला गेली तशी मी सेटिंग गुपचूप उलटं केलं: लांबवर बघ आणि सगळ्यात वाईट असेल तीच चाल खेळ. बारकी चहा टाकायला जाण्याआधीच तेच करून गेली होती.

मग जी लढत लागली ती काय सांगू! माझा भिडू सोंगटी पुढे करी, घ्या. तिचा नाइलाजानं घेई आणि लगेच आपली पुढे करी, आता तुम्ही घ्या. संतांनी लाजावं असा विनय. हसता हसता बारकी टेबलावर कोसळली, टेबलाच्या आखूड पायाखालची पुठ्ठ्याची घडी निसटली, चहा कलंडला. शेवटी माझा बिचारा जिंकलाच. बारकीनं नापास, नापास करत मला नकोसं करून सोडलं.

गलका ऐकून आई शेंगांची टोपली घेऊन दारात आल्या. हा कसला न्याय म्हणून त्यांनी विचारलं, आणि मी चिमटा काढेपर्यंत बारकी सगळं बोलून बसली, अगदी हे कुणासाठी चाललंय तेसुद्धा.

आईंनी टोपलीतल्या शेंगा उगाच चाळवल्या. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा शेंगा.

"म्हणजे मी जिंकावं म्हणून हा मुद्दाम हरणार?" त्यांनी टोपली खाली ठेवली. "सरक गं. याच्या आधी मी हरून दाखवते."

आणि खरंच बसल्या. भिडू सोंगटी देई, त्या नाइलाजानं घेत आणि अशी परत देत, की त्याला एक उचलता उचलता दोन उचलाव्या लागत. ओठांत काहीतरी पुटपुटत होत्या, पण ते देवाचं नाव नव्हतं. शेवटची सोंगटी त्यांनी फूल वाहावं तशी त्याच्यापुढे सरकवली. पडद्यावर अक्षरं आली: तुम्ही हरलात.

"हरले गं, हरले," म्हणत आईंनी अशा टाळ्या पिटल्या, की टोपलीला पाय लागून शेंगा खोलीभर झाल्या.

बारकी खाली बसून त्या गोळा करत म्हणाली, "डोकं गेलं होतं ना तुझं? मग आत्ता कुणाचं वापरलंस?"

आईंनी तेव्हा काढून ठेवलेला चष्मा टेबलाच्या खणातून घेतला. पदरानं पुसून पुन्हा नाकावर चढवला. "शेंगा तूच सोल," त्यांनी लेकीला सांगितलं. मग माझ्याकडे वळल्या. "सूनबाई, याला सरळ कर. जिंकायला खेळू दे."

सरळ केलेल्या भिडूनं त्यांना बघता बघता हरवलं. बारकीच्या हातातली शेंग तशीच राहिली. आईंनी पडद्याकडे निरखून पाहिलं.

"माजलाय," त्या म्हणाल्या, आणि बोटानं नवा डाव मांडला.