आवाज दादाचा, शब्द कोणाचे?

सभागृहात बसायला खुर्ची मिळत नव्हती. पुढे डोळ्यांना रुमाल, मागे उंचावलेले मोबाइल आणि व्यासपीठावर टाय लावलेला तो भोंदू. मी त्याला टायबाबा म्हणते. "आत्मा अमर वगैरे जुनं झालं!" टायबाबा गरजला. "शरीर जातं, डेटा राहतो! मोबाइल द्या, माणूस परत न्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. वाजवणारे चांगले शिकलेसवरलेले होते, हे मुद्दाम सांगते.

माझ्या वहिनीनेही दादाचा मोबाइल त्याला दिला होता; त्यावरून तो गेलेल्या माणसाच्या आवाजात बोलणारं यंत्र बनवायचा. दादाचं गॅरेज होतं, मी तिथेच काम करायचे. दादा गेला आणि काही महिन्यांतच वहिनीच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लगेच करा. पण यंत्रातला दादा म्हणाला, "घाबरू नकोस राणी, तुझ्या मनासारखं कर." वहिनीच्या मनात नुसती भीती होती. तिने ऑपरेशन रद्द केलं.

हे तिने मला सांगितलं. म्हणूनच त्या दिवशी मी तिच्यासोबत सभागृहात गेले होते. वहिनी माइकपुढे उभी राहिली.

"ऐकतोयस ना?"

"ऐकतोय, राणी," स्पीकरमधून दादाचा आवाज आला. लोक मुसमुसू लागले.

मी विचारलं, "वहिनी, दादा तुला समोर कधी राणी म्हणाला?"

"समोर? छे! मेसेजमध्ये मात्र रोज."

"घरी असला की त्याचे मेसेज कोण लिहायचं?"

"मीच. टाइप करायचा त्याला वैताग. मोबाइल माझ्याकडे फेकायचा."

"मग गॅरेजमध्ये, हात कोपरापर्यंत ग्रीसमध्ये असताना?"

ती माइकपासून मागे सरली.

"मी लिहायचे गं. तो गाडीखालून ओरडायचा, 'तिला म्हणावं डोकं नको खाऊ, काय हवं ते कर!' ते तसंच कसं पाठवणार तुला? मग मी लिहायचे, तुझ्या मनासारखं कर, राणी."

टायबाबा गोड हसला. "शंका कशाला? त्यांनाच विचारा!"

मी विचारलं, मेसेज कोण लिहायचं? यंत्र म्हणालं, "मीच लिहायचो. तिच्याशी बोलल्याशिवाय मला चैन पडायचं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीने वाजवल्या नाहीत.

यात कसला आलाय चमत्कार? आवाज घरच्या व्हिडिओंतून उचललेला, शब्द जुन्या मेसेजांतून जुळवलेले, आणि बाकी सगळं समोरच्याची मान डोलेल असं. खरा दादा असता तर शिव्या घालत तिला हॉस्पिटलात घेऊन गेला असता.

बाहेर आल्यावर वहिनीने एवढंच विचारलं, "म्हणजे तो माझ्याशी तसं कधी बोललाच नाही?" मी रिक्षा थांबवली आणि हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

ऑपरेशन झालं, पण उशिरा. गाठ पसरली आहे. वहिनी माझ्याशी बोलत नाही आणि टायबाबाचं सभागृह अजून भरतंय. तुमचं माणूस गेलं असेल तर रडा, पोटभर रडा. पण यंत्र बोलू लागलं की विचारा, हे शब्द मुळात कोणाचे? मेलेली माणसं सल्ला देत नाहीत. दुखणं असेल तर डॉक्टरकडे जा, आणि आजच जा.