त्सुने काकीच्या तळ्याची नळी

सकाळपासून मी आणि त्सुने काकी बर्फ उकरत होतो. तिच्या छपरावरचा सगळा ढीग पहाटे तळ्यावर कोसळला होता. पंप घुरघुरत होता, पण तळ्यात पाण्याचा थेंब पडत नव्हता. आमच्या जपानातल्या निगाताकडच्या डोंगरात तळ्यात पाणी खेळतं राहिलं तरच बर्फ विरघळतं आणि मासे जगतात.

कमरेइतकं खणल्यावर नळी सापडली. पार चपटी झालेली. तिच्यापलीकडं चिखलबर्फात लाल-पांढरा, कोई जातीचा मासा कुशीवर पडला होता. ताडाओ काकांनी तो बोटाएवढा असताना आणलेला. काका जाऊन तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून काकी रोज सकाळी त्या माशाशीच बोलायची.

"माझंच चुकलं," काकी म्हणाली. "छपरावरचं बर्फ वेळंवर वढाया पायजे हुतं. गुडघं धरल्यात म्हणून आज-उद्या करत बसले."

मी ती चपटी नळी उपसू लागलो. नळी मीच विकली होती ना.

हिवाळ्याआधी काकी माझ्या अवजारांच्या दुकानात आलेली. "कात्सुजी, पंपाला नळी दे बाबा. तोंड एवढं हाय," म्हणून तिनं बोटं जोडून दाखवली होती. आत तारेचं वेटोळं असलेली कडक नळी मापाची होती. तिच्यावर बैल उभा केला तरी दबायची नाही. पण शेवटचे सहा मीटर उरलेले, आणि ते मला माझ्या तळ्याला हवे होते.

"ही मऊ घ्या काकी, वळवाया सोपी. जरा बारीक हाय, पण मी जोड बसवून देतो."

"बर्फात टिकंल न्हवं?"

"टिकंल की. न टिकाया काय झालं?"

जीभ कशी झडली नाही माझी, कुणास ठाऊक.

मासा फडक्यात गुंडाळून काकी घरात गेली. काकांच्या फोटोपुढं बसली, हात जोडले. "तुमचा मासा माझ्या हातनं गेला वो," असं ती पुटपुटली, ते मला दारात ऐकू आलं. मग उठून तिनं मला चहा दिला, वर मुळ्याचं लोणचं. "थंडीत माझ्यापायी राबलास, खा."

मी लोणच्याची बशी बाजूला सारली.

"काकी, चूक तुमची न्हाय. कडक नळी हुती माझ्याकडं. ती म्या माझ्या तळ्याला लावली."

तिनं किटली उचलून माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

"तुझं मासं धड हायेत न्हवं?"

"हायेत."

"बरं झालं."

टोमणा नव्हता त्यात. किटली फेकून मारली असती तर बरं वाटलं असतं मला.

दुपारीच मी माझी नळी उपसून तिच्या तळ्याला लावली, माझे दोन मासे आणून सोडले. ती नको म्हणाली नाही. बघायलाही आली नाही.

बर्फ वितळल्यावर ती दुकानात आली. चार गिऱ्हाइकं उभी होती.

"खोरं पायजे," ती म्हणाली.

मी तीन तऱ्हेची खोरी पुढं मांडली. तिनं एकालाही हात लावला नाही.

"तुझ्या घरात कंचं हाय? तसलंच दे."

गिऱ्हाइकं कौतुकानं हसली. बघा, काकीचा कात्सुजीच्या पारखीवर किती भरवसा, असं त्यांना वाटलं. मी खोरं आणायला आत गेलो, आणि हाताशीच असलेलं ते खोरं उगाच बराच वेळ शोधत राहिलो.