भिंतीमागची पंचेचाळीस मिनिटं

नवा मोडेम बसवायला कंपनीने बाई पाठवली, हे एसेनकुलला पहिल्यापासूनच रुचलं नाही. फाटकात उभं राहून त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. खांद्यावर शिडी, कमरेला हत्यारांचा पट्टा, आणि वय असेल नसेल तिशीचं.

"पुरुष संपले का तुमच्याकडचे?"

"पुरुष खांबावर चढलेत, अक्साकाल. डोकं चालवायचं असतं तिथं मला पाठवतात," वडीलधाऱ्यांना लावतात ते 'अक्साकाल' लावून ती म्हणाली. "झायना माझं नाव. कुत्रं बांधलंय ना?"

कुत्रं बांधलेलं होतं. मोकळा होता तो एसेनकुलच. नारिनच्या शाळेत पस्तीस वर्षं भूमिती शिकवलेला हा माणूस मार्चमध्ये बायको गेल्यापासून कुणाशी धड बोलत नव्हता, आणि बोललाच तर समोरच्याला वाटायचं, गप्प होता तेच बरं होतं. बिश्केकहून थोरला मुलगा साबिर रोज फोन करायचा आणि रोज बोलणी खायचा. कालच त्याने बजावलं होतं, "बाबा, महिनाअखेर जुनी तांब्याची तार बंद होतेय. नव्या तारेवरचा मोडेम बसवून घ्या, नाहीतर घरातलं इंटरनेट जाईल. आणि येणाऱ्या माणसाशी जरा नीट बोला."

खरं तर इंटरनेट गेलं असतं तरी एसेनकुलचं काही अडलं नसतं. ते लागायचं त्याच्या बायकोला, बुरुलला. धाकटा एरमेक मॉस्कोला गेल्यापासून रोज संध्याकाळी ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायची आणि जेवणाचं ताट त्याला दाखवायची, जणू काही तो तिकडून हात घालून बोर्सोकचा तळलेला तुकडा उचलणार होता. आता ताट दाखवणारं कुणी राहिलं नव्हतं. तरी 'बंद करून टाक' हे शब्द काही एसेनकुलच्या तोंडून निघाले नाहीत.

झायना कामाला लागली. खांबावरून आणलेली बारीक पिवळी तार तिने खिडकीच्या चौकटीतून आत घेतली, भिंतीला खिळ्यांनी बसवली, आणि फळीवरचा जुना मोडेम सोडवून बाजूला ठेवला. त्याच्या शेजारी आणखी एक डबा होता, दोन शिंगांचा. त्यावर बुरुलने भरतकामाचा रुमाल घातला होता.

"हा राउटर वेगळा दिसतोय. कुणी लावला?"

"धाकट्याने."

"आता हाही नको. नव्या मोडेममध्येच सगळं आहे. आणि यावर रुमाल नका घालू, गुदमरतो बिचारा."

"तो राहील."

"अहो, पण गरजच नाही त्याची."

"राहील म्हटलं ना. रुमालसुद्धा राहील."

झायनाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "अक्साकाल, एका चुलीपुढे दोन सुना उभ्या केल्या तर काय होतं? तसं होईल. दोघंही कारभार करायला बघतील आणि तुमचा फोन मधल्यामधे अडकेल."

"मग नवीला गप्प बसव."

ती हसली. "बसवते. नवा नुसती तार आत घेईल, कारभार जुनाच बघेल. पण त्यासाठी जुन्याच्या पोटात शिरावं लागेल. पासवर्ड सांगा."

एसेनकुलला तो ठाऊक नव्हता. झायना म्हणाली, दोन उपाय आहेत. एक तर मागच्या भोकात टाचणी खुपसून डब्याची पाटी कोरी करायची आणि सगळं पहिल्यापासून लावायचं. नाहीतर मुलाला फोन करून विचारायचं.

"कोरी करायची नाही."

"मग लावा फोन मुलाला."

"आम्ही बोलत नाही," एसेनकुल म्हणाला.

वर्गात एखादं प्रमेय सांगावं तसं त्याने ते सांगितलं, पण झायनाचा चेहरा उतरला. ती राउटर हातात घेऊन उगाच इकडून तिकडून बघत राहिली. त्याच्या पोटाला चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली होती. एरमेकच्या अक्षरात पासवर्ड होता, आणि खाली लिहिलं होतं, 'आई, हे तुझ्यासाठी नाही. तू फक्त लाल दिवा लागला की मला ओरड.'

एसेनकुलने चिठ्ठी वाचली आणि चहा आणतो म्हणून स्वयंपाकघरात गेला. चहा उकळला तरी तो तिथेच उभा राहिला. त्याला मुलाचा राग आला होता. राग येणं त्याला सोपं जायचं. दुसरं काही यायला लागलं की तो रागालाच पुढे करायचा.

एरमेक धाकटा. म्हातारपणी आईबापांजवळ राहायचं ते धाकट्याने, घर त्याचं, चूल त्याची. वर्षभरासाठी म्हणून तो गेला आणि तीन वर्षं झाली तरी एकदाही फिरकला नाही. दर वसंतात बुरुल त्याची खोली सारवून घ्यायची. मग बारा मार्चच्या पहाटे ती झोपेतच गेली. अंगणात यर्ट, लोकरी राहुटी, उभारली, बुरुलला आत ठेवलं, रीतीप्रमाणे बाया आत रडायला बसल्या आणि पुरुष काठ्या टेकून बाहेर उभे राहिले. लांबची माणसं पोचावीत म्हणून दोन रात्री, वेळ पडली तर तीन रात्री थांबतात. एरमेक विमानाने बिश्केकला उतरला होता, पण गावाकडे येणारा घाट बर्फाने बंद होता. साबिर म्हणाला, "आणखी एक रात्र ठेवू या, बाबा. उद्या सकाळी तो नक्की पोचतो." मुल्लाही थांबायला तयार होता. सगळी गल्ली तयार होती.

एसेनकुल म्हणाला, "तीन वर्षांत जिवंत आईला एक दिवस देता आला नाही त्याला. आता मेलेल्या आईने त्याला रात्र द्यायची?"

तेरा मार्चला दुपारी बुरुलला माती दिली. दोन वाजता एरमेकचा फोन आला. घाट लवकर उघडला होता, तो वाटेत होता. एसेनकुलने साबिरच्या हातातून फोन हिसकावून घेतला. "माती झाली. आता काय बघायला येतोस? तिथूनच परत फीर."

आणि तो फिरला, असंच सगळ्यांनी धरून चाललं. एसेनकुलने मात्र अंधार पडेपर्यंत कान रस्त्याकडे लावून ठेवले होते. मुलगा कितीही उशिरा येवो, रीतीप्रमाणे लांबूनच आईच्या नावाने आक्रोश करत येतो. तशी हाक आली असती तर तो काठी टाकून धावला असता. हाक आली नाही. चाळिसाव्या दिवशीच्या जेवणालाही आली नाही. सात महिने झाले, बापलेकांत एक शब्द नव्हता.

तो चहा घेऊन आला तेव्हा झायनाचं काम होत आलं होतं. तिने नानचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि स्वतःचा फोन त्याच्यापुढे धरला. "सगळं जसंच्या तसं आहे. ही बघा तुमच्या घरातली माणसं. मुलाने प्रत्येकाच्या फोनला नाव देऊन ठेवलंय. हा 'बाबा', आत्ता जोडलेला. 'साबिर' ऑगस्टमध्ये येऊन गेला. 'आई', अकरा मार्चपासून नाही."

"हं."

"आणि हा 'मी' कोण? तेरा मार्चनंतर आलेला नाही. काढून टाकू?"

"तेरा मार्च नसेल. तीन वर्षांपूर्वीचं असेल ते."

"नाही हो. याच वर्षीचं आहे. चार चाळीसला जोडला गेला, पाच पंचवीसला तुटला."

एसेनकुलने चष्मा शोधला. तो डोळ्यांवरच होता. मग त्याने आकडे स्वतः वाचले, एकदा आणि पुन्हा एकदा.

"कुणी न सांगता जोडला जातो का तो?"

"ओळखीचा फोन असला की आपोआप जोडला जातो. खिशात असला तरी."

"किती लांबून?"

झायनाने खोलीभर नजर फिरवली. "फाटकाकडून नाही. मधे दोन जाड भिंती आहेत. मागच्या बाजूला पोचेल. ही खिडकी, गोठा, मागची भिंत, फार तर तिच्या पलीकडची पायवाट. का हो, काय झालं?"

भूमितीच्या मास्तरला आकृती काढून दाखवायची गरज नव्हती. तेरा मार्चला साडेचारच्या सुमारास, माणसं जेवायला बसलेली असताना, तो स्वतः गोठ्यामागे गेला होता. यर्टीपुढे त्याने आक्रोश केला होता तो रीतीचा, काठीवर वाकून, चारचौघांसारखा. गोठ्यामागे मात्र त्याने मागच्या भिंतीला कपाळ टेकलं आणि तो खरोखर रडला, आवाज आवरेना इतका. तेवढ्यात शेजारचा ओमोर त्याला शोधत आला. ओमोरने विचारलं, "धाकटा आलाच नाही का रे?" आणि एसेनकुल नाक पुसत म्हणाला होता, "मला धाकटा नाही. साबिर एकच."

भिंत पुरुषभर उंच, पण जेमतेम वीतभर जाड. पलीकडे कुणी उभं असेल तर श्वाससुद्धा ऐकू यावा.

"अक्साकाल, बसा तुम्ही," झायना म्हणाली. "पाणी देऊ का?"

"झालं का तुझं काम?"

"झालं. कुणालातरी फोन लावून बघा म्हणजे मी कागदावर सही घेते."

एसेनकुल फोन घेऊन बाहेर पडला. फाटकातून निघून, घराला वळसा घालून तो मागच्या पायवाटेवर आला. इथे तो वर्षानुवर्षं आला नव्हता. ऑक्टोबरचं ऊन होतं, चिनारांची पानं वाटेवर पडली होती. भिंतीला पाठ लावून त्याने एरमेकचं नाव दाबलं. मॉस्कोत दुपारच्या जेवणाची वेळ असणार.

दुसऱ्याच घंटेला आवाज आला. "बाबा? काय झालं? साबिर बरा आहे ना?"

"सगळे बरे आहेत."

 एरमेकच्या मागे, तो काम करायचा त्या गोदामातल्या गाड्यांचा खडखडाट होता.

"तेरा मार्चला तू इथं होतास," एसेनकुल म्हणाला. "गोठ्याच्या भिंतीमागे. पंचेचाळीस मिनिटं."

 एरमेक म्हणाला, "होतो."

"हाक का नाही मारलीस?"

"मारणार होतो. पुढून यायची छाती झाली नाही, म्हणून मागून आलो. तुम्ही रडत होतात. मी तुम्हाला कधी रडताना ऐकलं नव्हतं. भिंतीवर हात ठेवले होते चढायला. मग ओमोरकाका आले."

"ते मी रागात बोललो, पोरा."

"बरोबरच बोललात. ज्याला आईला मूठमाती देता आली नाही, तो कसला मुलगा. बाबा, मला झोप लागत नाही. साबिर म्हणाला, मुल्लाने घाई केली, तुम्ही खूप थांबायला बघितलंत पण त्याने ऐकलं नाही. काही तासांनी चुकलो मी. आधीचं विमान मिळत होतं, मी ते घेतलं नाही, मालकाने हिशेब देऊन जा म्हटलं म्हणून. रोज तेच डोळ्यांपुढे येतं. माझ्यामुळेच आईचं तोंड दिसलं नाही मला."

एसेनकुलने डोळे मिटले. तर साबिरने असं सांगितलं होतं. बापाला वाचवलं होतं त्याने, आणि बापाला ते ठाऊकही नव्हतं.

"बाबा, ऐकताय ना? तुम्ही फोन केलात, मला बरं वाटलं. तुम्ही म्हणत असाल तर मी आईच्या वर्षाच्या जेवणाला येतो. कायमचाच येतो. इथं माझं काही नाही."

हेच तर हवं होतं. सात महिने रोज संध्याकाळी रस्त्याकडे कान लावून तो हेच ऐकायची वाट बघत होता. आता नुसतं 'ये' म्हणायचं होतं. मुल्ला उन्हाळ्यातच दुसऱ्या गावी गेला होता, साबिर कधी बोलला नसता, गल्लीतलं कुणी इतक्या दिवसांनी हे उकरलं नसतं. मुलगा घरी आला असता, खोलीत झोपला असता. आणि आईचं तोंड आपल्या चुकीने दिसलं नाही हे मनात घेऊन रोज बापाला चहा दिला असता.

"एरमेक," तो म्हणाला, "मुल्ला थांबायला तयार होता."

"काय?"

"सगळेच तयार होते. साबिरने माझ्या विनवण्या केल्या. मी नाही म्हणालो. तुझी काही चूक नाही. तू वेळेवरच निघाला होतास. एक रात्र मी थांबलो नाही."

गोदामातला खडखडाट थांबला होता, किंवा एरमेक कुठेतरी आडबाजूला गेला होता.

"का?" त्याने विचारलं. अगदी लहान आवाजात विचारलं.

"तुझा राग आला होता."

एसेनकुल वाट बघत राहिला. काही शिव्या आल्या असत्या तर त्याने त्या घेतल्या असत्या. मग फोन गप्प झाला, आणि त्याने तो कानापासून दूर नेला तेव्हा पडद्यावर एरमेकचं नाव नव्हतं. त्याने तो तसाच हातात धरून ठेवला. पुन्हा लावायचं धाडस त्याला झालं नाही.

सहीचा कागद घेऊन झायना घराला वळसा घालून आली. "अक्साकाल, लागला का फोन?"

"लागला."

"मधेच तुटला नाही ना? भिंतीमागे जरा कमीच मिळतं."

"नाही," एसेनकुल म्हणाला. "तुटला नाही. त्याने ठेवला."