अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा पराभव

टेकडीवरच्या तीन गल्ल्या शेजारच्या वॉर्डात गेल्या. गल्ल्या जागच्या हलल्या नाहीत.

पालिकेच्या सभागृहात रंगारी शिडीवर चढला.

चष्मेवाल्याच्या दुकानापुढे रांग लागली. रांगेतल्या एकालाही चष्मा नको होता.

"अहो, तुम्ही निवडणूक हरलात म्हणे," बायको म्हणाली.

"कधी?"

"अठ्ठावीस वर्षांपूर्वी."

माजींनी कप बशीत ठेवला. माजी नगरसेवक, म्हणून सगळा वॉर्ड त्यांना माजीच म्हणे. निवडून आले ते एकदाच, चष्मेवाल्याला निसटतं हरवून, आणि तेही टेकडीच्या मतांवर. पुढे प्रत्येक वेळी आपटले. पण सभागृहाच्या भिंतीवर त्यांचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. त्या एका ओळीच्या जिवावर हा माणूस इतकी वर्षं ताठ मानेने वावरला. ती ओळ गेली, तर उरणार काय?

त्यांनी तडक पालिका गाठली.

"सोपं आहे काका," नोंदी विभागातल्या बाई म्हणाल्या. "हद्दी बदलल्या की जुनी मतंसुद्धा नव्या हद्दींप्रमाणे मांडायची, म्हणजे तुलना करता येते. टेकडी वजा केली, तुम्ही हरलात. आणि भिंतीवर आमच्या नोंदीप्रमाणेच रंगवतात."

"अहो, पण पाच वर्षं मी त्या खुर्चीत बसलो होतो!"

"बसला असाल. बसण्याची नोंद आम्ही ठेवत नाही."

भिंतीवर चष्मेवाल्याचं नाव अजून ओलं होतं.

घरी बायको वाटच बघत होती. "मग पाच वर्षं रोज सकाळी कडक इस्त्री करून तुम्ही जायचात तरी कुठे?"

संध्याकाळी चष्मेवाला धापा टाकत आला.

"दादा, पाया पडतो, हे परत घ्या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. जो तो पुलाचं विचारतोय."

"कुठल्या पुलाचं?"

"तुम्ही न बांधलेल्या. म्हणजे, आता मी न बांधलेल्या. मघाशी एका म्हातारीने कॉलर धरली माझी! त्या बाई म्हणतात, दोघांनी मिळून अर्ज केला तर तुमचं नाव पुन्हा लावतील. मी सही करूनच आणलीय."

माजींनी अर्ज घेतला, पेन उघडलं. ती सोनेरी ओळ डोळ्यांपुढे आली. तिच्या मागोमाग पूलही आला, नसलेला. अठ्ठावीस वर्षं बाजारात, दवाखान्यात, अगदी स्वतःच्या मुलीच्या लग्नातही लोकांनी त्यांना त्या पुलावरून टोमणे मारले होते. आज सकाळपासून मात्र एकानेही विचारलं नव्हतं.

त्यांनी पेन मिटलं.

"विचार करून सांगतो," ते म्हणाले. खुर्चीत असताना ते सगळ्यांना हेच सांगत.

दुसऱ्या दिवशी कडक इस्त्री करून ते चष्मेवाल्याच्या रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं विचारलं, "काय हो, पुलाचं काय झालं?"

मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. इतक्या टाळ्या त्यांना निवडून आले तेव्हाही मिळाल्या नव्हत्या.

त्या निवडणुकीत चष्मेवाल्याने स्वतःचं मत माजींना दिलं होतं.