निंबा शिंप्याची कातर

मी निंबा शिंप्याची कातर बोलतेय. धुळ्याच्या एका लोहाराने मला घडवलं ते १९१२ साली. सुरुवातीला मी लग्नाचे कोट कापले, मुंजीची बंडी कापली. निंबाभाऊंचा हात हलका होता, आणि मला कामाची हौस होती.

एका दुपारी कापसातून सरकी काढणाऱ्या जिनमधला मजूर अभिमन दुकानात आला. त्याच्या सदऱ्याची उजवी बाही खांद्यापासून नाहीशी झाली होती.

"मशीनना पट्टामा गयी, भाऊ. हात वाचना," तो म्हणाला.

निंबाभाऊंनी तो उघडा हात पाहिला. मग त्यांनी लग्नाच्या कोटांचं जाड कापड बाजूला सारलं, मांजरपाटाचं अख्खं ठाण पसरलं आणि मला उचललं. कोपराच्या वर थांबणारी घट्ट बाही, बंद गळा, कुठेही लोंबतं टोक नाही. असे वीस सदरे त्यांनी कुणाला न विचारता कापले. एकदा कापलेलं परत सांधता येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. मी घाबरले होते.

जिनमधले मजूर सदरे बघून हसले. "हाई तं पोरेसनं अंगडं शे!" म्हणत निघून गेले. आठवडाभर एकही सदरा उचलला गेला नाही.

शेवंताबाई, निंबाभाऊंची बायको, काजं करता करता म्हणाल्या, "तमाखूनी चंची त्या कोठे ठेवतीन? मोठा खिसा लावा ना, छातीवर."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वीस खिसे कापले. आठवड्याच्या बाजारापर्यंत वीसही सदरे गेले. पहिला अभिमनने नेला.

पुढे चाळीसगावच्या रेल्वेतली माणसंही मागायला लागली. एका शिलाई यंत्राची अकरा झाली. निंबाभाऊ गेल्यावर कापणी शेवंताबाईंनी हाती घेतली. त्यांचा एक नियम कडक होता: मला घेऊन कागद कापायचा नाही, धार जाते.

गेल्या महिन्यात, १९४७ च्या ऑगस्टच्या चौदा तारखेला, शेजारचे रुपचंद मास्तर कातर मागायला आले. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्य मिळणार होतं, आणि शाळेसाठी रंगीत कागदाच्या पताका करायच्या होत्या. शेवंताबाईंनी क्षणभर मला पदराने पुसलं.

"ल्या मास्तर. आज कापा."

मी दिवसभर कागद कापला. आता माझी धार पार गेली आहे, कापडाला लागले की नुसती चावते. धारवाल्याला मात्र बोलावू नका. ही बोथट धार मला आवडते.