जमिनीला टेकणारी सीट

ही गोष्ट १९९३ सालची. कल्याणच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात तेव्हा प्रभाकर टोकेकर सरांचा भाव भलताच वधारला होता. पायांनी अधू असलेल्यांसाठी त्यांच्या विद्यार्थ्यांनी हातांनी चालवायची तीनचाकी बनवली होती आणि स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. तशा काही गाड्या कळव्यात आणि कोलशेतला वाटूनही झाल्या होत्या.

एका दुपारी ठाण्याच्या नर्सिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या मंजुळाताई गायकवाड स्टाफरूममध्ये आल्या.

"सर, कोलशेतच्या केशरबाईंना तुमची गाडी मिळाली आहे ना? आमच्या मुलींना घेऊन मी तिथे घरभेटीला जाते. गाडीवर मासेमारीची जाळी वाळत घातलेली असतात."

सर उखडले. "अशक्य! आम्ही पाहणी केली आहे. गाडी आवडली का, या प्रश्नाला सगळ्यांनी 'हो' म्हटलंय."

"प्रेमाने दिलेल्या वस्तूला तोंडावर 'नाही' कोण म्हणेल?"

"मग काय गप्पा छाटत बसू? बाई, जे मोजता येतं तेच आम्ही मानतो."

"ताप मोजायला थर्मामीटर आमच्याकडेही आहे, सर. पण पेशंट गोळी उशीखाली का लपवतो, ते थर्मामीटर सांगत नाही. त्यासाठी त्याच्याजवळ बसावं लागतं. त्यालाही शिस्त आहे, पद्धत आहे. आम्ही त्यावर संशोधन करतो. तुमची मुलं थोडे दिवस माझ्याकडे द्या."

सर कसेबसे तयार झाले.

वर्गात हशा पिकला. "मॅडम, आता आम्ही इंजेक्शनं द्यायची काय?" गाडीचा आराखडा काढणाऱ्या आनंदने विचारलं.

मंजुळाताईही हसल्या. "नाही रे. तू फक्त गप्प बसायला शिक."

मग त्यांनी नियम सांगितले. हो-नाहीवर संपणारा प्रश्न विचारायचा नाही. बोलणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. त्याचे शब्द बदलायचे नाहीत. आणि आपल्याला जे समजलं, ते त्यालाच विचारून पडताळायचं. मुलांनी एकमेकांवर सराव केला, तर क्षणभराची शांतताही कुणाला झेपेना!

कोलशेतला केशरबाईंच्या घरी आनंद पहिल्याच प्रश्नाला घसरला. "मावशी, गाडी चांगली आहे ना?"

"चांगलीच हाय की."

संपलं! मंजुळाताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. आनंद ओशाळला. "मावशी, बाहेर जायचं ठरलं की काय काय करावं लागतं, ते सांगाल?"

केशरबाई गप्प झाल्या. आनंदच्या जिभेवर दुसरा प्रश्न आला होता, तो त्याने गिळला.

"पयलं भावाला हाक मारायची," त्या हळूच म्हणाल्या. "तो मना उचलून गारीवर ठेवतो. परत आलं का परत हाक. तो बिचारा हातातलं काम टाकून येतो. मग वाटतं, नकोच जावाला."

"म्हणजे उचलून घ्यायची लाज वाटते. बरोबर समजलो का मी?"

"लाज नाय रं, पोरा. मना कुनावर भार नाय व्हयाचा!"

आनंदने त्यांचे शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले. विचारून पडताळलं नसतं तर तो चुकीचंच समजून परतला असता! कळव्याच्या घरांतही वेगवेगळ्या शब्दांत तेच निघालं.

तो धावतच सरांकडे गेला. "सर, चाकं नाही, सीट चुकली! ही माणसं घरात जमिनीवर बसतात, जमिनीवरून सरकतात. आणि आपली सीट खुर्चीएवढी उंच!"

सरांनी पाहणीचे कागद पुढे ओढले. "मग हे आपल्या पाहणीत कसं आलं नाही?"

"आपण विचारलंच नव्हतं, सर."

वर्कशॉपमध्ये एकच धांदल उडाली! खाली जमिनीला टेकणारी, दांडा ओढला की वर येणारी सीट तयार झाली. पहिल्या खेपेला दांडा अडकला. पोरांनी तो पुन्हा घडवला.

कोलशेतच्या अंगणात केशरबाई सरकत आल्या, सीटवर बसल्या. भाऊ मदतीला धावला. "थांब तू!" त्या कडाडल्या. दांडा ओढला, सीट वर आली, आणि गाडी खाडीच्या रस्त्याला लागली! पोरं टाळ्या वाजवत मागे धावली.

सर मंजुळाताईंजवळ आले. "मंजुळाताई, माझं मोजमाप बरोबर होतं. पण काय मोजायचं, तेच मला ठाऊक नव्हतं. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक प्रोजेक्टचा पहिला तास तुमचा!"

वाचकहो, आपणही रोज कुणासाठी तरी काहीतरी ठरवत असतो. गावासाठी रस्ता, मुलीसाठी शिक्षण, म्हाताऱ्या वडिलांसाठी खोली. ज्याच्यासाठी ठरवायचं, त्याच्याजवळ आधी बसू या, त्याला पुरतं बोलू देऊ या. ऐकून घेणं म्हणजे उपकार नव्हे, कामाची खरी सुरुवातच तिथे होते!